नानांची खाडीवरची चौकशी

नाना गेल्याचा निरोप घेऊन मोशीहून सायकलवर आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्ही स्वतः पाहिलंत?" तो बिचारा चिंचवडपर्यंत उन्हातून पायडल मारत आला होता. दारातच गोंधळला. घाम पुसत म्हणाला, "पाहिलं की, बाई. मीच तोंडात पाणी घातलं." तरी मी विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?" त्यानं दोन नावं सांगितली आणि मग मात्र मी चौकटीला धरून खाली बसले. कारण हे विचारणारी मी नव्हतेच. हे नानांचे प्रश्न होते. वीस वर्षं ऐकून ऐकून ते माझ्या जिभेवर बसले होते, आणि त्या दिवशी ते त्यांच्याच मरणाची खातरजमा करत होते...

आज पाच आठवडे झाले. नानांविषयी लिहावं असं मनात येतं आणि लगेच वाटतं, त्यांना हे आवडलं असतं का? "कशापायी लिवतीस? कोन वाचनार? वाचून काय करनार?" असं त्यांनी नक्की विचारलं असतं.  तरी लिहिते.

नाना माझे सख्खे चुलते. मी तीन वर्षांची असताना एकाच तापाच्या साथीत आईवडील गेले. नानांची बायको त्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. इंद्रायणीकाठी मोशीत त्यांची थोडी बागायत, थोडी जिराईत. त्या घरात ते आणि मी, दोघंच वाढलो म्हणायला हरकत नाही, कारण मला वाढवता वाढवता तेही बरेच शिकले. एक गोष्ट मात्र ते जन्मतःच शिकून आले होते आणि ती कधी विसरले नाहीत : समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. बैल घ्यायचा तर ते आठवडाभर त्याच्या मालकाच्या गोठ्यासमोर जाऊन बसत. चाकणच्या बाजारात कांदा मोजताना तराजूची पारडी अदलाबदल करून पुन्हा मोजायला लावत; व्यापारी लांबून त्यांचं पागोटं दिसलं की कपाळाला हात लावत. अलीकडे कारखान्यांसाठी जमिनी मोजायला सरकारी माणसं शिवारात फिरू लागली, तेव्हा ती गेल्यावर नानांनी कासऱ्याला गाठी मारून सगळी मोजणी स्वतः पुन्हा केली. मोजणी बरोबर निघाली तर त्यांना समाधान वाटायला हवं होतं. ते जास्तच काळजीत पडले. "बराबर मोजलंय म्हंजे कायतरी मनात हाय त्येंच्या," म्हणाले.

मी शिकले तीही त्यांच्या संशयामुळेच. त्या काळी आमच्या आळीत मुलीला चौथीपुढं कोणी पाठवत नसे. नानांना अक्षर येत नव्हतं आणि तलाठ्यानं, मास्तरानं, सावकारानं वाचून दाखवलेल्या कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. घरात आपलं वाचणारं माणूस हवं म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं ते थेट सातवीची फायनल होईपर्यंत. घरी येणारा प्रत्येक कागद मी वाचायचा, तोही दोनदा, आणि दुसऱ्यांदा वाचताना ते डोळे मिटून ऐकत, पहिल्यांदापेक्षा एखादा शब्द वेगळा पडतो का ते बघत. पुढं मी गावच्याच शाळेत शिकवायला लागले. मुलांची उजळणी दोनदा घेण्याची माझी सवय कुठून आली हे माझ्या हेडमास्तरांना कधी कळलं नाही.

मला एकोणिसावं लागलं तेव्हा स्थळं यायला लागली आणि नानांच्या संशयाला खरं काम मिळालं. एका मुलाच्या घराण्याला त्यांनी नकार दिला, का तर मुलाचा बाप फार हसतो. दुसऱ्याला नकार दिला, का तर तो अजिबात हसत नाही. मग चिंचवडला राहणाऱ्या आमच्या एका लांबच्या नातेवाइकांनी सदाशिवचं स्थळ आणलं. मूळ गाव पेणच्या पुढं, खाडीकाठी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आता ते माझं सासर आहे. मुलगा चिंचवडजवळच्या एका नव्या कारखान्यात टर्नर. तो मला पाहायला आला तेव्हा खाली मान घालून बसला होता. मी चहा दिला तर म्हणाला, "शाळेत कितवीला शिकवता?" मी म्हणाले, "दुसरीला." तो म्हणाला, "दुसरी चांगली." एवढंच आमचं बोलणं. पण जाताना त्यानं अंगणात उलटी पडलेली बादली सरळ करून ठेवली, ते मी खिडकीतून पाहिलं. नानांनीही पाहिलं असणार. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"कोकनात पोरी न्हाईत व्हय?" तो गेल्यावर नाना म्हणाले. "पगारी मानूस. अंगापिंडानं बरा. पंचवीस उलटून गेली तरी बिनलग्नाचा. आन् पोरगी बघायला घाट चढून देशावर येतो. कायतरी हाय."

मध्यस्थ म्हणाले, "काही नाही हो नाना, इथं नोकरी आहे म्हणून इकडची मुलगी बघतो."

"कायतरी हाय," नाना म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी विषय काढला नाही. शेतात कांदा नव्हता तरी दोनदा चाकणला जाऊन आले. एकदा आळंदीला गेले. मी विचारलं तर म्हणाले, काम होतं. मग एका शनिवारी दुपारी शाळेतून आले तर नाना धोतर वाळत घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या पेनकडं जायचंय. खाडीत. मासं धराया."

मला वाटलं उन्हानं त्यांना काही झालं. नानांनी तरुणपणी इंद्रायणीच्या डोहात गळ टाकलेले होते हे खरं, पण घाट उतरून, दोन एस.टी. बदलून, खाऱ्या पाण्यात मासे धरायला? "मासे कशाला, नाना?" तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात बेत सांगितला. पाहुणे म्हणून गेलो तर ते लोक गोड बोलतील, गोड खायला घालतील आणि काही कळणार नाही. गावात उगीच फिरलो तर लोक विचारतील. पण होडी भाड्यानं घेऊन मासे धरायला आलेल्या हौशी माणसानं नावाड्याशी चार गोष्टी बोलल्या तर त्यात कुणाला काय वाटणार? नावाड्याला काठावरची सगळी घरं ठाऊक असतात. "कुनाची वळख द्यायची न्हाई. मी पुन्याचा यापारी. तू माझी पुतनी. डाकतरानं तुला खारं वारं घ्यायला सांगितलंय."

"पण मी कशाला?"

"तुला हितं कुनाजवळ ठिवू?" ते म्हणाले. उत्तर एवढं नानांसारखं होतं की मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

आम्ही रविवारी रात्र पेणला एका ओळखीच्यांकडे काढली आणि सोमवारी सकाळी खाडीवर पोचलो. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. खाडी हाच मला समुद्र वाटला. रुंद, मातकट पाणी, काठानं दाट तिवरांची झाडं चिखलात पाय रोवून उभी, आणि हवेत मिठाचा, सुकटीचा वास. धक्क्यावर एक कोळी होडीतलं पाणी उपसत होता. काळाकभिन्न, पन्नाशीचा. जोमा नाखवा त्याचं नाव. नानांनी त्याला सांगितलं, आम्हाला होडी हवी, दिवसभर, मासे धरायला. त्यानं नानांच्या पागोट्यापासून पायांतल्या वहाणांपर्यंत नजर फिरवली.

"मासं? तुमी?"

"व्हय. हौस."

"बाय माणसाला घेऊन?"

"डाकतरानं सांगितलंय."

नाखव्यानं परत पाणी उपसायला घेतलं. पण मला वाटतं तेव्हाच त्यानं ठरवलं की ही माणसं धड नाहीत. तो दारूबंदीचा काळ. खाडीतल्या तिवरांत कुणी काय दडवलेलं असे ते कोळ्यांना माहीत, आणि साध्या वेषात येऊन गोड बोलून माहिती काढणारी सरकारी माणसंही त्यांना माहीत. एक शेतकऱ्याच्या हातांचा पुण्याचा व्यापारी आणि त्याच्याबरोबर शाळामास्तरणीसारखी दिसणारी मुलगी... आम्ही नानांना वाटत होतं तितके हुशार ठरलो नव्हतो.

नाना त्याच्यावर संशय घेत होते ते वेगळंच. त्यांनी आधी होडीच्या फळ्या दगडानं ठोकून पाहिल्या. मग नाखव्याला म्हणाले, "येकदा मोकळी फिरवून आन बरं." नाखव्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तो एक फेरी मारून आला. मग नानांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "खारं हाय खरंच," ते मला म्हणाले. जणू तेही कुणीतरी उगीच सांगितलेलं असू शकलं असतं.

होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली. नाखव्यानं आम्हाला गरी दिली. म्हणजे नुसती जाड दोरी, टोकाला शिशाचं वजन आणि गळ, त्याला कोळंबी लावलेली. दोरी बोटावरून सोडायची आणि हिसका बसतो का ते बघत बसायचं. नानांनी पाणी, झाडं, पक्षी यांवर थोडं बोलून घेतलं आणि मग काठावरच्या एका कौलारू घराकडे बोट केलं. नातेवाइकांनी सांगितलेली खूण होती ती, मागं उंच चिंच आणि पुढं भातखाचराचा बांध.

"त्ये घर कुनाचं रं?"

"कनचं?"

"त्ये. चिंचंखालचं."

"नाय ठावं."

"तू ह्याच गावचा न्हवं?"

"गावचा. पन माजं लक्ष नसतं."

थोड्या वेळापूर्वीच त्यानं सांगितलं होतं की हा धक्का त्याच्या आज्यानं बांधला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा, "त्या घराकडं कोन येतं-जातं? पोलीसबिलीस कदी आल्ते का?" हे ऐकल्यावर नाखव्यानं वल्हं उचलून धरलं, आणि लांब तिवरांजवळ उभी असलेली एक छोटी होडी हळूच आत सरकून दिसेनाशी झाली. ते मी पाहिलं, नानांनीही पाहिलं. नानांच्या कपाळावर आठी पडली. हे घर काही चांगलं नव्हे, गावच चांगलं नव्हे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटायला लागलं. सदाशिवनं सरळ केलेली बादली माझ्या डोळ्यांपुढं आली आणि ती मला खोटी वाटू लागली. दाखवायला केलेली. एखाद्यावर संशय घ्यायला किती कमी लागतं, ते मला त्या होडीत कळलं.

एवढ्यात माझ्या बोटावरची दोरी ताणली. हिसका नव्हे, कुणीतरी हात धरून ओढावं तशी ओढ. मी ओरडले. दोरी बोटांतून सरसरत गेली आणि तळहात कापला. नानांनी मागून माझी मनगटं धरली. "धर! सोडू नगस!"

"सोड, सोड! ढील दे!" नाखवा ओरडला. "तुटंल!"

"सोडू नगस, शांते! त्याला मासा घालवायचाय!"

"बाय, ऐक माजं, ढील दे!"

एका बाजूला ज्यांनी मला वाढवलं ते, दुसऱ्या बाजूला सकाळपासून खोटं बोलणारा माणूस. आणि मला हाताला कळत होतं की नाखव्याचं खरं आहे. मी मूठ सैल केली. दोरी गेली, गेली आणि थांबली. "आता वड. सावकास." मी ओढली. तो पुन्हा पळाला, मी पुन्हा सोडली. किती वेळ हे चाललं मला सांगता येणार नाही. नानांनी माझी मनगटं केव्हा सोडली तेही कळलं नाही. शेवटी पाण्यावर रुपेरी, माझ्या हाताएवढा लांब मासा आडवा आला आणि नाखव्यानं त्याला आत घेतला. "जिताडा!" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "पयल्या झटक्याला जिताडा! बाय, तू कोनाची?"

माझ्या हातातून रक्त गळत होतं. तो डोईचं फडकं सोडून माझ्या तळहाताला बांधत होता. त्याच्या हातांत अशी काही माया होती की मला खोटं बोलवेना. मी म्हणाले, "आम्ही व्यापारी नाही. मोशीचे शेतकरी आहोत. त्या चिंचेखालच्या घरातल्या सदाशिवसाठी मला विचारलंय. आम्ही चौकशीला आलोय."

नानांनी पागोटं सारखं केलं. नाखवा आधी नुसता बघत राहिला, मग मोठमोठ्यानं हसला. "आरं द्येवा! आनि मी समजलो का सरकारी मानसं!" हसता हसताच तो थांबला. त्यानं पाण्याकडे पाहिलं. जिताड्याच्या नादात होडी भरकटली होती आणि ओहोटी लागली होती. त्यानं वल्हं खाली घातलं, ते चिखलात रुतलं. होडी जराशी कलंडली आणि बसली. भरती येईपर्यंत आता हलता येणार नव्हतं.

त्या उन्हात आम्ही चिखलाच्या मधोमध बसून राहिलो. नानांनी त्याचं पाणी आधी घेतलं नाही. मग त्यानं स्वतः घोट पिऊन दाखवला तेव्हा घेतलं. आमच्या भाकरीतली अर्धी त्याला दिली. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "सदाचं लगीन झाल्यालं ठावं हाय ना तुमाला?"

माझ्या हातातला तुकडा तसाच राहिला.

"इंदू नाव तिचं. बाळंतपनात ताप आला. मूल आदीच गेलं होतं. सकाळी सदा धावत आला, जोमादा, होडी काड, पलीकडं डाकतर हाय. आनि मी..." तो थांबला. "मी न्याहारी करीत होतो. बोललो, आलो. आरामात खाल्लं. तेवड्यात पानी वसरलं. अर्ध्यात होडी बसली. आज बसली ना, तशी. सदा खाली उतरला. कमरंएवड्या चिखलात. येकटा होडी ढकलीत ऱ्हायला, वर ती निजलेली, मी वल्हं रेटतोय. पोचलो, पन डाकतर बोलला, उशीर झाला. दुसऱ्या दिशी गेली."

नानांनी त्याचं पाणी त्याच्याचपुढं सरकवलं.

"माझ्यामुळं उशीर झाला. त्याला ठावं होतं, मी जेवत होतो त्ये. त्यानं बघितलंन. त्यानं मला कवा बोल लावला नाय. दहाव्याला माज्या घरी आला. माजी बायको घाबरली, बोलली, मारायला आला. तो बसला. बोलला, जोमादा, भूक लागली. जेवला नि गेला." नाखव्यानं तोंड फिरवलं. "तिकडं येवड्या लांब नोकरी धरली ती ह्यामुळंच. खाडी बघवत नाय त्याला."

मी नानांकडे पाहिलं. ते रागावतील, ताडकन काही बोलतील, बिजवर आहे हे लपवलं म्हणतील, असं मला वाटलं. पण ते शांत होते. त्यांनी विचारलं, "किती वर्सं झाली?" नाखवा म्हणाला, "दोन पावसाळे." "मूल काय व्हतं?" "मुलगी." "डाकतर कोनच्या गावचा?" त्यानं गाव सांगितलं. नाना प्रत्येक उत्तराला हळूच मान हलवत होते. आणि ते ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते.

मी त्यांना इतकी वर्षं कागद वाचून दाखवत होते. तो चेहरा मला पाठ होता. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा ऐकतानाचा तो चेहरा...

भरती आली, होडी उठली, आम्ही धक्क्याला लागलो. जिताडा नानांनी नाखव्यालाच दिला. निघताना मी चिंचेखालच्या घराकडे पाहिलं. बांधावर एक म्हातारी वाकून काहीतरी वेचत होती. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. पुढं लग्नानंतर त्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा सांगत होत्या, त्या उन्हाळ्यात जोमानं अर्धा जिताडा आणून दिला होता, कुणी पाहुण्यांनी धरलेला म्हणून. "असा मासा मी पुन्हा खाल्ला नाही," म्हणाल्या. मी त्यांना ते गुपित बऱ्याच उशिरा सांगितलं.

पेणच्या स्टँडवर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "नाना, तुम्हाला हे आधी माहीत होतं ना?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. सदाशिवचं पत्र, नानांच्या नावानं. मला पाहून गेल्यावर चौथ्या दिवशी लिहिलेलं. माझं पहिलं लग्न झालं होतं, पत्नी आणि मूल दोघंही वारली, मध्यस्थांनी हे सांगितलं नाही असं मला आज समजलं, म्हणून कळवतो. मुलीलाही हे सांगावं आणि मग काय ते ठरवावं, ही विनंती. डॉक्टरच्या गावाचं नावसुद्धा त्यात होतं.

"तीन आठवडे हे तुमच्या खिशात होतं?" मी पत्र त्यांच्यापुढं धरलं. "मुलीला सांगावं असं लिहिलंय ह्यात. घरातला एकेक कागद मला वाचायला देता, आणि हाच कुणाकडून वाचून घेतलात?"

"चाकनला येकाकडून. मंग आळंदीत दुसऱ्याकडून. दोगांनी सारकंच वाचलं."

"आणि मी?"

"तू वाचलं असतंस तर तुला रडू आलं असतं. रडू आलं का मानूस इस्वास ठिवतं. कागदावर कोन बी काय बी लिवतं, शांते. स्वताचं वंगाळ आपनहून सांगनारा मानूस त्याच्याहून वंगाळ झाकत असंल तर? म्हनून म्हनलं, परक्या तोंडून आयकू. तुझ्या कानांनी."

म्हणजे मला ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी बरोबर आणलं नव्हतं. तेही खोटं होतं. मला इतका राग आला की आयुष्यात पहिल्यांदा मी नानांवर संशय घेतला आणि तो बोलून दाखवला. "खरं सांगा. काही ना काही खोट निघावी म्हणूनच तुम्ही हिंडताय. एक फार हसतो, एक हसत नाही. तुम्हाला मला कुठं द्यायचंच नाही."

गाडी लागली होती. माणसं चढत होती. नाना आपल्या वहाणांकडे बघत बसले होते. मला वाटलं ते चिडतील.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाई द्यायचं. कुनालाच न्हाई द्यायचं." मग उठता उठता, "पन म्हनून तुला ठिवून घेऊ का?"

घाट चढेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. खंडाळ्याला गार वारा लागला तेव्हा त्यांनी आपलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि बांधलेला तळहात उलटा करून पाहिला. मी म्हणाले, "त्यांना कळवा. माझं हो आहे." नाना म्हणाले, "इचार कर." मी म्हणाले, "केला." ते म्हणाले, "बरं."

लग्नानंतर चिंचवडात आम्ही दोन खोल्या घेतल्या. मला तिथल्या शाळेत बदली मिळाली. नाना दर आठवड्याला येत. जावयाला ते कधी नावानं हाक मारत नसत. 'तुमचे हे कारखानेवाले' म्हणत. पहिल्या वर्षी एकदा हे संध्याकाळी घरी आले ते हसत होते. म्हणाले, "आज शिफ्ट सुटली तर गेटासमोर झाडाखाली नाना बसलेले. मी खरंच आत कामाला असतो का ते बघायला आले असणार." मी खाली मान घातली. हे म्हणाले, "मग मी त्यांना आत नेऊन माझं मशीन दाखवलं. लेथ कसा चालतो ते त्यांनी तीनदा विचारलं." खाडीवरची आमची फेरी मी ह्यांना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितली होती. ऐकून हे एवढंच म्हणाले, "जोमादा अजून तेच धरून बसलाय?" पुढच्या सुट्टीत, इंदू गेल्यानंतर पहिल्यांदाच, हे खाडीवर गेले आणि जोम्याच्या होडीत बसले. मीही होते. नाना आले नाहीत. "मला काय इचारायचं ते इचारून झालंय," म्हणाले.

ह्या माघात नानांना छातीचा त्रास सुरू झाला. चिंचवडला आणायचं म्हटलं तर यायला तयार होईनात. शेवटच्या भेटीत मी दिलेल्या औषधाची बाटली त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. "ह्ये मागच्यासारकंच हाय का?" मी हो म्हणाले. त्यांनी प्यायलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही...

तो निरोप आल्यावर आम्ही मोशीला पोचलो तेव्हा अंगणात भाऊबंद जमले होते आणि आवाज चढलेले होते. नानांना मुलगा नाही, तेव्हा अग्नी कुणी द्यायचा? दोन चुलत पुतणे हक्क सांगत होते. त्या हक्कामागं जमीन होती हे न कळण्याइतकी मी नानांची पुतणी कमी नव्हते. मी काही बोलणार तोच गावचा न्हावी पुढं आला. म्हणाला, "नानांनी मला सांगितलंय, महिना झाला. अग्नी सदाशिवनं द्यायचा. म्हणाले, कुनाला बोलू नगस, वेळ आली की बोल." पुतण्यांपैकी एक म्हणाला, "एकट्याला सांगितलं त्याला काय पुरावा?" तेव्हा शेजारच्या घरातली म्हातारी आजी काठी टेकत उठली. "मला बी सांगितलंय. फकस्त तुलाच सांगतो म्हनले." आणि मागून आमचे जुने मास्तर खाकरले. "मलाही सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. नानांनी एकाला सांगितलं, तो विसरेल म्हणून दुसरीला, ती फितेल म्हणून तिसऱ्याला. त्या अंगणात, त्या प्रसंगी, मला हसू आलं आणि मग ते आवरेना, आणि ते हसू कधी रडू झालं ते मला कळलं नाही. भाऊबंद बाजूला झाले.

इंद्रायणीच्या काठावर ह्यांनी अग्नी दिला. परत येताना वाटेत हे म्हणाले, "तिघांना सांगितलं. मला का नाही सांगितलं? मी नाही म्हणालो असतो का?"

मी म्हणाले, "तुम्ही हो म्हणाला असतात. ते त्यांना माहीत होतं. तुम्हाला विचारायची गरज राहिली नव्हती."

हे थांबले. बांधावर तसेच उभे राहिले, ओल्या धोतरानं, आणि मी पुढं होऊन त्यांचा हात धरेपर्यंत हलले नाहीत.